वॉर्ड घरी येतो तेव्हा

अपुऱ्या दिवसांची बाळं एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी येतात तेव्हा त्यांतली काही ऑक्सिजनसकट येतात. खोलीच्या कोपऱ्यात हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर घुरघुरत असतो. त्यातून निघालेली नळी पलंगाखालून पाळण्यापर्यंत जाते, गालांवर चिकटपट्टी लावून बसवलेल्या कॅन्युलाची दोन टोकं नाकपुड्यांत असतात आणि पावलाला रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा पट्टा गुंडाळलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर प्रवाहाचा आकडा असतो: मिनिटाला पाव लिटर, कधी त्याहूनही कमी. वजन, दुधाचं प्रमाण, औषधांचे थेंब, पुढच्या तपासणीची तारीख हेही असतं. रात्री जागायचं कोणी, जागणाऱ्यानं झोपायचं कधी, विजेचं बिल भरायचं कशातून, थोरल्याला शाळेत सोडायचं कोणी, याचे रकाने मात्र त्या कार्डावर नसतात. अनेकांच्या लेखनाचा संग्रह असलेलं हे पुस्तक त्या न छापलेल्या रकान्यांबद्दल आहे.

पुस्तकाचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हॉस्पिटलच्या वॉर्डात तीन पाळ्या असतात. घरी आलेल्या वॉर्डात बहुतेक वेळा एकच पाळी असते आणि ती आईची असते. त्यामुळे कुटुंबाची झोप, पैसा, तब्येत आणि आपसातले संबंध या गोष्टी उपचार आटोपल्यावर सवडीनं बघता येत नाहीत. घरच्या ऑक्सिजनमध्ये उपचार करणारे हात घरच्यांचेच असतात. म्हणून ते किती थकलेत, हा वैद्यकीय प्रश्न आहे.

या विषयात नव्यानं येणाऱ्या वाचकाला आधी ही बाळं कोण ते कळायला हवं. गर्भाचे दिवस साधारण ४० आठवड्यांनी भरतात. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यांतली जवळपास ३० लाख भारतातली होती, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. यांतल्या बहुतेकांना घरी ऑक्सिजन लागत नाही. तो लागतो मुख्यतः २८ आठवड्यांच्या आगेमागे, किलोभर किंवा त्याहून कमी वजनानं जन्मलेल्यांना. सातव्या महिन्यातलं बाळ तगतं, आठव्यातलं तगत नाही, असं आपल्या घरांतून अजून बोललं जातं. प्रत्यक्षात पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पदरात पडतो, आणि त्याचा मोठा लाभ फुप्फुसांना होतो. सव्वीस-सत्तावीस आठवड्यांच्या बाळाच्या फुप्फुसांत हवेच्या पिशव्या पुरत्या बनलेल्या नसतात, आणि त्या मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थही अपुरा असतो. अशा कच्च्या फुप्फुसांवर व्हेंटिलेटरचा दाब, जादा ऑक्सिजन आणि जंतुसंसर्ग यांचे घाव बसतात. त्यातून जो दीर्घ आजार उरतो त्याला ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेशिया म्हणतात. वॉर्डात आणि घरात सगळे ‘बीपीडी’च म्हणतात.

या आजारातली दिलासा देणारी बाब अशी की फुप्फुसं जन्मानंतरही वाढत राहतात. पहिल्या दोन वर्षांत हवेच्या नव्या पिशव्या झपाट्यानं बनतात. तेवढा काळ बाळाला पुरेसा ऑक्सिजन आणि पुरेसं अन्न मिळालं पाहिजे. ऑक्सिजन कमी पडला तर वजन अडतं आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयावर ताण येतो. घरचा ऑक्सिजन हा अशा रीतीनं वेळ मिळवून देणारा उपचार आहे. बहुतेक बाळांचा तो पहिल्या-दुसऱ्या वर्षात सुटतो. पण सुटण्याची तारीख आधी कोणी सांगू शकत नाही, आणि ही अनिश्चितताच घराला सर्वांत जास्त शिणवते.

इतिहास पाहिला तर कुटुंबाचं आणि या बाळांच्या उपचाराचं नातं चमत्कारिक वळणं घेत आलं आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसमधल्या प्रसूतिगृहात एतिएन तार्निए यांनी उबेच्या पेट्या वापरायला सुरुवात केली. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांना त्या पेट्या काचेच्या हव्या होत्या, आईला आपलं मूल दिसत राहावं आणि तिनंच त्याला दूध पाजावं म्हणून. पुढे मार्टिन कूनी यांनी न्यू यॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं अशी बाळं पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवली. त्या पैशांतून बाळांचा उपचार चाले आणि आईबापांकडून काही घेतलं जात नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयं शिस्तीची झाली, जंतुसंसर्गाच्या धास्तीनं दारं बंद झाली आणि आई काचेपलीकडे उभी राहिली. त्या काळात ती धास्ती निराधार नव्हती. पण एकदा बसलेली शिस्त तिचं कारण ओसरल्यावरही टिकली. आपल्याकडेही ‘बाळाला काचेत ठेवलंय’ हे वाक्य घराघरांत रुळलं.

ऑक्सिजनचीही स्वतःची कहाणी आहे, आणि ती घरच्यांना ठाऊक असायला हवी. १९४० च्या दशकात तो सढळ हातानं दिला जाई. १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अशा बाळांमधल्या नव्या अंधत्वाचं वर्णन केलं. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी त्याचा संबंध भरमसाट ऑक्सिजनशी जोडला. त्या काळात जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. मग हात इतका आखडला की ऑक्सिजनअभावी बाळं दगावू लागली. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याची मात्रा दोन्ही बाजूंनी चुकू शकते, हा धडा तेव्हापासूनचा. ‘थोडा जास्त सोडला तर काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्या आजोबांना द्यायचं उत्तर या इतिहासात आहे. आजही भारतात ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसापर्यंत तपासायला सांगतात, ते याच कारणानं.

फुप्फुसांचं कोडं त्यानंतर उलगडत गेलं. १९५९ मध्ये मेरी एलन अ‍ॅव्हरी आणि जिअर मीड यांनी सर्फॅक्टंटची उणीव दाखवून दिली. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा पॅट्रिक केनेडी साडेचौतीस आठवड्यांचा जन्मून दोन दिवसांच्या आत याच उणिवेनं गेला, आणि या आजाराकडे जगाचं लक्ष वळलं. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी सान फ्रान्सिस्कोत हवेचा सतत दाब ठेवून फुप्फुसं उघडी राखणारं सीपॅप वापरून दाखवलं. १९७२ मध्ये न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड देण्याचा फायदा सिद्ध केला आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट थेट फुप्फुसांत सोडून बाळं वाचवली. दरम्यान १९६७ मध्ये स्टॅनफर्डचे विल्यम नॉर्थवे यांनी व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या ३२ बाळांच्या फुप्फुसांवरचे व्रण वर्णन करून बीपीडीला नाव दिलं. उपचारानं जीव वाचला आणि त्या उपचाराच्या खुणा घेऊन जगणारी मुलं निर्माण झाली. ती वाढायची कुठे, हा प्रश्न इथून सुरू होतो.

महिनोन्‌महिने वॉर्डात, हे पहिलं उत्तर होतं. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या पिनी आणि कॉटन यांनी बीपीडीच्या बाळांना ऑक्सिजनसह घरी पाठवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, त्यामुळे ऑक्सिजनवर अडकलेली बाळं तिथे जास्त. गरजेतून निघालेली ही वाट पुढे रूढ झाली. तिच्यामागे पैशाचा हिशेबही होता. त्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या केटी बेकेट या मुलीचं. ती अपुऱ्या दिवसांची नव्हती, मेंदूच्या संसर्गामुळे ती व्हेंटिलेटरवर होती. रुग्णालयात राहिली तर सरकारी विमा सगळं भरणार आणि घरी नेली तर काहीच नाही, घरी खर्च कितीतरी कमी असूनही. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिचा जाहीर उल्लेख केला, पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि घरी होणाऱ्या उपचारालाही विमा मिळण्याची सोय झाली. मूल घरी पाठवलं की रुग्णालयाचा खर्च वाचतो हे सर्वांना दिसलं. वाचलेल्या खर्चातला किती भाग आईच्या जागरणातून वसूल होतो, हे मोजायला मात्र बराच काळ कोणी बसलं नाही.

कुटुंबाच्या खुशालीकडे पाहण्याच्या ढोबळमानानं चार परंपरा या क्षेत्रात दिसतात. पहिली मनाच्या वैद्यकाची. डेव्हिड कॅप्लन आणि एडवर्ड मेसन यांनी १९६० मध्ये अकाली प्रसूतीनंतर आईच्या मनाची होणारी उलथापालथ तीव्र भावनिक संकट म्हणून मांडली. १९९० च्या दशकात मार्गारेट माइल्स यांनी एनआयसीयूतल्या पालकांचा ताण मोजणारी श्रेणी तयार केली. यंत्रांचे आवाज, बाळाचं रूप, आणि ‘आपण आईबाप असून आपल्या हाती काही नाही’ ही भावना, असे तिचे भाग होते. २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि इटलीतल्या संशोधकांनी घरच्या ऑक्सिजनवरच्या बाळांच्या आया तपासल्या, तेव्हा थकवा आणि चिंता यांचा भार ठळकपणे दिसला. आईचं कोमेजणं आळस किंवा कृतघ्नता नसतं, हे या परंपरेनं ठामपणे सांगितलं. तिची मर्यादा अशी की ती आईला दुसरी रुग्ण बनवते आणि घराकडे बघायचं राहून जातं.

दुसरी परंपरा कुटुंबाच्या समाजशास्त्राची. दुसऱ्या महायुद्धानंतर रूबेन हिल यांनी सैनिकांच्या ताटातुटीचा आणि पुनर्भेटीचा अभ्यास करून १९४९ मध्ये एक सूत्र दिलं: संकट घराला किती कोसळवणार हे एकट्या घटनेवर ठरत नाही, घराजवळची साधनं आणि घर त्या घटनेचा लावत असलेला अर्थ हेही त्यात येतं. पुढे मॅककबिन आणि पॅटरसन यांनी त्यात ताणांवर ताण साचत जाण्याचा मुद्दा घातला. तोच पाव लिटर ऑक्सिजन, पण एका घरात आजी-आजोबा, पक्की नोकरी आणि इन्व्हर्टर आहे. दुसऱ्या घरात भाड्याची खोली, रोजंदारी आणि ‘पोटात असताना जपली नाहीस’ असं ऐकवणारी माणसं. दोन्ही बाळांचा आजार केसपेपरवर एकच दिसतो. याच धाग्यातलं ग्रीन आणि सॉल्निट यांचं १९६४ मधलं निरीक्षण आजही उपयोगी आहे. मरणाच्या दारातून परतलेल्या मुलाकडे आईबाप पुढे वर्षानुवर्षं नाजूक म्हणूनच पाहतात, त्याला पडू देत नाहीत, रागवत नाहीत, आणि ते जपणंच त्याच्या वाढीला आडवं येतं.

तिसरी परंपरा कुटुंबाला उपचारात घेणारी. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोताच्या एडगर रे सानाब्रिया यांनी पेट्या कमी म्हणून बाळं आयांच्या छातीशी बांधली. त्यातून कांगारू पद्धत आली. पुढच्याच वर्षी एस्टोनियात तालिनच्या आदिक लेविन यांनी, नर्सेस कमी म्हणून, वॉर्डातली बहुतेक देखभाल आयांच्या हाती दिली. तीच कल्पना कॅनडात शास्त्रीय कसोटीला लागली आणि २०१८ च्या मोठ्या चाचणीत बाळांचं वजन जास्त वाढलं, पालकांची चिंता कमी झाली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या अनुभवावर आधारून भारत सरकारनं २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जन्मताच सुरू केलेल्या कांगारू पद्धतीची पाच देशांतली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. त्या चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशानं घटलेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत पालकांना आधार देणं ही स्वतंत्र शिफारस आहे. या परंपरेबद्दल आम्हाला आदर आहे, आणि एक शंकाही. बोगोता आणि तालिन या दोन्ही ठिकाणी आई वॉर्डात आली ती मनुष्यबळ आणि साधनं तुटपुंजी होती म्हणून. सहभागाच्या नावाखाली तुटवडा आईच्या अंगावर ढकलला जात नाही ना, हे दरवेळी विचारावं लागतं.

ते विचारते चौथी परंपरा, काळजीच्या कामाला काम म्हणणारी. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. ऑक्सिजनवरचं बाळ या हिशेबात भर घालतं तेव्हा ती समान वाटली जात नाही. ही परंपरा समुपदेशनावर थांबत नाही. रजा, भत्ता, बदली माणूस यांची भाषा बोलते. आमचा कल तिसरी आणि चौथी यांच्या मध्ये आहे. घरच्यांना शिकवावं, सामावून घ्यावं, आणि ते करतात त्या कामाची किंमत धरावी.

महाराष्ट्राला या क्षेत्रात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची देखभाल शिकवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, आणि आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम त्यातून उभा राहिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९८७ ते १९८९ मध्ये एनआयसीयूतून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळांचा मागोवा थेट तरुण वयापर्यंत घेतला. असं चिकाटीचं काम आपल्या देशात विरळा.

एवढं असून घरचा ऑक्सिजन कशातच नीट बसत नाही. आशाताईंच्या नेमून दिलेल्या भेटी मुख्यतः पहिल्या ४२ दिवसांतल्या. हे बाळ त्या दिवसांत अजून एनआयसीयूतच असतं. पुढच्या भेटी ठरलेल्या असल्या तरी ताईंच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. कॅन्युला कशी बदलायची, प्रवाह कसा वाचायचा, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. यंत्र घरी पोचवणारी, त्याची देखभाल करणारी, नर्सला घरी पाठवणारी सार्वजनिक व्यवस्था आपल्याकडे रुजलेली नाही. कुटुंब स्वतःच यंत्र विकत घेतं किंवा भाड्यानं आणतं. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॉट वीज खातो. चोवीस तास चालला तर महिन्याला २१५ ते २५० युनिटं. शंभर युनिटांत भागवणारं घर एकदम ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात जातं आणि तिथे दरही चढतो. वीज गेली तर सिलिंडर हवा. दीड घनमीटरचा बी टाइप सिलिंडर पाव लिटरच्या प्रवाहावर सुमारे शंभर तास पुरतो. हा साधा भागाकार डिस्चार्जच्या दिवशी करून दिला तर त्या घराची पहिली रात्र बरीच हलकी जाते.

मग आपल्या रीती. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे यंत्र कोणत्या घरी ठेवायचं इथपासून प्रश्न. आणि बाप रविवारी भेटायला येणारा पाहुणा होऊन बसतो. बाळ-बाळंतिणीची शेक-शेगडी, ओव्या-वावडिंगाची धुरी, देवघरातलं निरांजन, उदबत्ती: ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगीचा वणवा होतो, आणि धूर त्या फुप्फुसांना सोसत नाही. नाकपुडी कोरडी पडली म्हणून लावलेलं वॅसलीन किंवा सोडलेला तेलाचा थेंबही धोक्याचा. डॉक्टर ही यादी वाचून दाखवतात आणि सगळ्यावर काट मारतात. यात आजीचं आजवरचं सगळं काम तिच्या हातून काढून घेतलं जातं, बदल्यात दुसरं दिलं जात नाही. मग ती गुपचूप धुरी देते, किंवा दुखावून लांब बसते. जिथे आजीला कांगारू पद्धतीनं बाळ उराशी धरायला शिकवलं, तिथे तिचा मानही राहिला आणि आईला दुपारची झोपही मिळाली. आमच्या लेखकांपैकी अनेकांच्या अनुभवाचं हे सार आहे.

हे पुस्तक आता का, यालाही कारणं आहेत. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत एनआयसीयू पोचली, त्यामुळे पूर्वी न वाचणारी बाळं वाचून लहान गावांत परतू लागली आहेत. २०२१ च्या कोविड लाटेनं कॉन्सन्ट्रेटर आणि ऑक्सिमीटर हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी आणले, आणि देणगीतून आलेली कितीतरी यंत्रं आज पडून आहेत. ती वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण बराच काळ पडून राहिलेल्या यंत्रातून ऑक्सिजन कमी प्रमाणात येऊ शकतो, त्यावरच्या मापकाच्या खुणा मोठ्या माणसांच्या हिशेबाच्या असतात आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या पावलाला बसत नाही. रजेचा प्रश्नही उभा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. सत्तावीस आठवड्यांच्या बाळाच्या आईची जवळपास निम्मी रजा बाळ घरी येण्याआधीच संपते. शेतात, बांधकामावर, घरकामाला जाणाऱ्या बाईला तर मोजायला रजाच नसते.

या संग्रहात आम्ही काय केलं आणि काय टाळलं तेही सांगायला हवं. हे उपचाराचं पुस्तक नव्हे. इथलं काही वाचून कोणी प्रवाह कमी-जास्त करू नये, नळी काढून पाहू नये. तो निर्णय बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. लिहिणाऱ्यांत आया आहेत, तसे बाप, आज्या, एक-दोन थोरली भावंडं, एनआयसीयूतल्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, बालरोगतज्ज्ञही आहेत. बापांना आम्ही मुद्दाम वेगळं लिहायला सांगितलं. आईसमोर त्यांना खंबीर दिसावं लागतं, आणि त्यांची घसरण बहुधा उशिरा, सगळं सुरळीत होऊ लागल्यावर येते. कुटुंबांची नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. फक्त जिंकलेल्या कहाण्या घ्यायच्या नाहीत असं सुरुवातीलाच ठरलं होतं. ज्यांचं बाळ घरी येऊनही राहिलं नाही, त्या घरांचं लेखन इथे आहे, आणि ते शेवटी लोटलेलं नाही. बाळाचा कंटाळा आला, असं लिहिणाऱ्या आईचं वाक्यही आम्ही कापलेलं नाही.

मतभेद झाकलेले नाहीत. घरी ऑक्सिमीटर सतत लावावा का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतली अनेक केंद्रं तो देतात; ब्रिटनमध्ये तसा सरसकट आग्रह नसतो. आमच्या एका लेखिकेला त्या आकड्यानं झोप दिली, दुसरीची हिरावली. पाय हलला तरी अलार्म वाजतो आणि आई बाळाऐवजी पडद्याकडे बघायला लागते. ऑक्सिजन सोडवताना आधी दिवसा बंद करावा की चोवीस तास थोडा थोडा उतरवावा, यावरही पद्धती वेगळ्या आहेत. वाचकाला एकच बरोबर उत्तर हवं असेल तर त्याची निराशा होईल. पण दोन घरांना दोन वेगळी उत्तरं लागू पडतात हे कळणं, आमच्या मते, त्याहून जास्त कामाचं आहे.

पुस्तकभर काही मागण्या पुन्हा पुन्हा येतात. डिस्चार्जआधी घरातली किमान दोन माणसं नळी, यंत्र आणि सिलिंडर हाताळायला शिकलेली असावीत. एक-दोन रात्री आईबापांनी रुग्णालयातच, पण स्वतःच्या जबाबदारीवर, बाळाजवळ काढाव्यात. रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर हवा. आठवड्यातून एक रात्र आईची सुट्टीची ठरलेली हवी आणि तिच्या जागी कोण जागणार त्याचं नाव लिहिलेलं हवं. यांतल्या एकाही मागणीला नवं संशोधन किंवा महागडं यंत्र लागत नाही. लागतं ते रुग्णालयाचं नियोजन आणि घरच्या पुरुषांची तयारी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड, असं लिहिणाऱ्या बहुतेकींचं मत आहे.

संग्रह ऑक्सिजन सुटतो त्या दिवसापाशी थांबत नाही, कारण घर त्या दिवशी बरं होत नाही. यंत्र परत गेल्यावरही कित्येक आया रात्री उठून छातीचं वरखाली होणं बघतात. मूल शाळेत जातं, प्रत्येक खोकल्याला घर हादरतं, दुसरं मूल हवं का यावर नवराबायको अडतात. फॉलो-अप तोवर विरळ होऊन थांबलेलाही असतो.

एक मोठी उणीव मात्र राहिली आहे. इथे सगळी भोवतालची माणसं बोलतात. पुण्याच्या त्या अभ्यासातली बाळं मोठी झाली तेव्हा त्यांची तपासणी झाली, क्षमता मोजल्या गेल्या. घरच्या ऑक्सिजनवर वाढलेली आपल्याकडची पुष्कळ मुलं अजून लहान आहेत. आपल्या भोवती इतकी वर्षं घर कसं दबून वागत होतं, हे त्यांना जाणवलं का, आणि जाणवलं तर त्यांनी त्याचा काय अर्थ लावला, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. ती लिहू लागतील तेव्हा आमच्या काही ठाम मतांना धक्का बसेल अशी आमची अपेक्षा आहे. तोवर, आज ज्यांच्या घरात यंत्र चालू आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या डॉक्टरांसाठी, हातात होतं ते एकत्र करून ठेवलं आहे.